उद्धारक की मुखत्यार? बिशप लास कासासच्या आयुष्याचा हिशेब

मागच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय संविधानाचा होता, पण चर्चा भलतीकडेच गेली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने सरळ विचारलं, "दादा, ज्यांचं पोट आपल्या शोषणावर भरतं, त्यांच्यातला एखादा माणूस खरंच आपल्या बाजूने उभा राहू शकतो का? की सगळं नाटकच असतं?" झालं, लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, महाडला मनुस्मृती जाळायचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते, ते विसरायचं का? दुसरा म्हणाला, दोन-चार नावं सांगून किती दिवस उपकाराचं ओझं वाहायला लावणार?

आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आज देतो. पण त्यासाठी आपल्या इतिहासातलं उदाहरण घेत नाही. आपल्या माणसांबद्दल बोलताना राग-लोभ आड येतात. म्हणून साडेचारशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका स्पॅनिश बिशपच्या आयुष्याचा हिशेब मांडतो. त्याचं नाव बार्तोलोमे दे लास कासास. काहींनी त्याला संत केलं, काहींनी देशद्रोही ठरवलं. आपल्याला दोन्हीशी कर्तव्य नाही. आपल्याला त्याच्याकडून एक कसोटी शिकायची आहे, आणि एक धोक्याची सूचनासुद्धा घ्यायची आहे.

मालकाचा मुलगा

लास कासासचा जन्म १४८४ सालचा, स्पेनमधल्या सेव्हिल शहरातला. बाप व्यापारी. १४९३ मध्ये कोलंबसची दुसरी सफर निघाली तेव्हा हा बाप तिच्याबरोबर गेला, आणि परतताना मुलासाठी भेट म्हणून एक जिवंत माणूस घेऊन आला. त्या बेटांवरचा एक तरुण. पुढे इसाबेला राणीच्या आज्ञेवरून अशा लोकांना परत पाठवण्यात आलं. पण ध्यानात घ्या, ज्याला जग पुढे मूळ रहिवाशांचा कैवारी म्हणून ओळखणार होतं, त्याची त्या लोकांशी पहिली ओळख अशी झाली.

१५०२ मध्ये तो स्वतः हिस्पॅनिओला बेटावर गेला. आज त्या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. तिथे ताइनो लोक राहत. त्यांच्यावर जी व्यवस्था लादली गेली तिचं नाव एन्कोमिएंडा. राजाने एका स्पॅनिश माणसाच्या हवाली ठरावीक मूळ रहिवासी करायचे. त्यांनी त्याची शेती करायची, खाणीत सोनं काढायचं. बदल्यात त्याने त्यांचं 'रक्षण' करायचं आणि त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. कागदावर पालकत्व आणि प्रत्यक्षात वेठबिगारी. गावकीचं काम रात्री-अपरात्री करायला लावून वर त्याला 'वतन' म्हणणाऱ्या गावात ज्यांचे आजोबा राबले, त्यांना हा कावा समजावून सांगायची गरज नाही.

परिणाम काय झाला? १५१४ मध्ये हिस्पॅनिओलावर मूळ रहिवाशांची पुन्हा वाटणी झाली, तेव्हाच्या नोंदीत अख्ख्या बेटावर पंचवीस-सव्वीस हजारांच्या आसपास माणसं उरली होती. कोलंबस येऊन जेमतेम बावीस वर्षं झाली होती. आणि देवीची मोठी साथ अजून यायची होती, ती १५१८ च्या अखेरीस आली.

लास कासासकडेही अशी माणसं होती. तो पाद्री झाला तरी होती. २१ डिसेंबर १५११ रोजी सांतो दोमिंगोमध्ये अँतोनियो दे मोंतेसिनोस नावाच्या डोमिनिकन संन्याशाने वेदीसमोर उभं राहून मालकवर्गाला जाब विचारला, ही माणसं नाहीत काय? कोणत्या हक्काने तुम्ही यांना गुलाम केलंत? समोर बेटाचे सत्ताधारी बसले होते. त्यांनी शब्द मागे घ्यायला सांगितलं. पुढच्या रविवारी त्याने तेच पुन्हा ठणकावलं. एका डोमिनिकनाने तर लास कासासला, तू माणसं बाळगतोस म्हणून, पापक्षमा नाकारली. तरी त्याने माणसं सोडली नाहीत. चांगलं भाषण ऐकून माणूस बदलतो हा आपल्या काही पुरोगामी मित्रांचा भ्रम आहे. तो इथेच सोडून द्यावा.

तीन वर्षांनी काय बदललं?

१५१३ च्या सुमारास तो पाद्री म्हणून स्पॅनिश फौजेबरोबर क्युबात होता. काओनाओ नावाच्या गावात अन्नपाणी घेऊन सामोऱ्या आलेल्या लोकांची फौजेने कत्तल केली. ती त्याने डोळ्यांनी पाहिली. तरीही क्युबात बक्षीस म्हणून मिळालेली जमीन आणि माणसं त्याने घेतली.

१५१४ मध्ये पेंटेकॉस्टच्या सणाचं प्रवचन तयार करताना बायबलच्या जुन्या ग्रंथांपैकी सिराखच्या पुस्तकातला एक भाग त्याच्यासमोर आला. गरिबाकडून ओरबाडलेल्या धनाचं दान देवाला चालत नाही, आणि मजुराची मजुरी बुडवणारा हा खुनीच, असा त्याचा आशय. तो बरेच दिवस अस्वस्थ राहिला. मग गव्हर्नरकडे जाऊन त्याने आपल्या वाट्याची माणसं परत केली, आणि १५ ऑगस्ट १५१४ रोजी चर्चमध्ये सगळ्यांसमोर ते जाहीर केलं.

आमची पहिली कसोटी इथे आहे. तुमच्या बाजूने बोलणारा प्रत्येकजण तुमचा नसतो. त्याने काय सोडलं ते बघा. लास कासासने आधी मिळकत सोडली आणि मग तोंड उघडलं. आपल्याकडे उलटं चालतं. वाडा तसाच, जमीन तशीच, संस्थेच्या विश्वस्त मंडळात सगळे एकाच जातीचे, आणि १४ एप्रिलला व्यासपीठावर समतेचं भाषण. अशा भाषणाला आम्ही टाळी वाजवत नाही.

पण या कसोटीची मर्यादाही तिथेच दिसते. ही माणसं आपल्या हातून सुटली की दुसऱ्या मालकाच्या हाती जाणार आणि तिथे मरणार, हे लास कासासला स्वतःलाच ठाऊक होतं. त्याचा आत्मा हलका झाला, त्यांची मान मोकळी झाली नाही. व्यक्तीचं हृदयपरिवर्तन आणि व्यवस्थेचं परिवर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी आयुष्यभर हेच बजावलं.

सगळ्यात मोठी चूक

आता ती गोष्ट, जी त्याचे भक्त दबक्या आवाजात सांगतात आणि विरोधक ओरडून सांगतात.

१५१५ मध्ये तो स्पेनला गेला. राजदरबारात खेटे घातले. १५१६ मध्ये त्याला मूळ रहिवाशांचा 'संरक्षक' असं पद मिळालं. त्या काळात त्याने उपाययोजनांची जी निवेदनं दिली, त्यांत एक सूचना होती. ताइनो लोक मरताहेत, तर त्यांच्याऐवजी कामाला गुलाम आणावेत, त्यांत आफ्रिकेतले काळे गुलामही असावेत. आफ्रिकन गुलाम त्याच्या सांगण्यावरून पहिल्यांदा आले असं नाही. त्याच्या आधीपासूनच त्यांना त्या बेटांवर नेलं जात होतं, आणि नफ्याला त्याच्या सल्ल्याची गरजही नव्हती. १५१८ मध्ये राजाने आपल्या मर्जीतल्या एका सरदाराला चार हजार आफ्रिकन गुलाम नेण्याचा परवाना दिला. त्या सरदाराने तो व्यापाऱ्यांना विकून टाकला. पण लास कासासने सूचना केली होती हे खरं, आणि एकदा नव्हे तर वेगवेगळ्या निवेदनांत केली होती हेही खरं.

हा दुष्ट माणूस नव्हता. मिळकतीवर लाथ मारून आलेला होता. ताइनोंच्या वेदनेने तो इतका व्याकूळ झाला की दुसऱ्या कुणाच्या गळ्यात तीच बेडी पडतेय हे त्याला दिसलंच नाही. किंवा दिसलं आणि चाललं.

मित्रांनो, इथे आपण फक्त त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. आपल्या घरातही डोकावावं. आपल्यातली शिकली-सवरलेली माणसं वस्ती सोडून फ्लॅटमध्ये गेली, चांगलं झालं. पण त्या फ्लॅटच्या सोसायटीचं गटार साफ करायला उतरणारा माणूस कोण असतो? त्याच्या मरणाची बातमी येते तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किती जण बोलतात? पारधी वस्तीवर पोलीस धाड घालतात तेव्हा आपण 'आपला' प्रश्न म्हणून उभे राहतो की 'त्यांचा' म्हणून बाजूला होतो? आरक्षणाच्या वादात आपल्याहून खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या जातीशी आपण कोणत्या भाषेत बोलतो? आणि घरातल्या बाईच्या डोक्यावरचं ओझं? चढत्या क्रमाने मान आणि उतरत्या क्रमाने तिरस्कार, अशी जातीची रचना बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिली. त्या शिडीची गंमतच ही की प्रत्येकाला आपल्या खाली पाय ठेवायला कुणीतरी सापडतो. आपली सुटका दुसऱ्याच्या पाठीवर चढून होत असेल, तर ती सुटका नव्हे. ती फक्त मालकांच्या यादीत नाव घालून घेणं आहे.

लास कासासच्या बाजूने एकच गोष्ट सांगायला हवी. उतारवयात त्याने आपल्या इतिहासग्रंथात ही चूक स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. आफ्रिकनांना पकडणं हेदेखील मूळ रहिवाशांना पकडण्याइतकंच अन्यायाचं होतं, आपण अज्ञानात तो सल्ला दिला, आणि त्या अज्ञानाची सबब देवापुढे चालेल की नाही याची आपल्याला खात्री नाही, असा त्याचा कबुलीजबाब आहे. चूक कबूल करणारे नेते कमी असतात. म्हणून या कबुलीची किंमत आहे. पण ती जहाजं काही परत फिरली नाहीत. अमेरिका खंडात ही गुलामगिरी पुढे साडेतीन शतकं चालली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक ज्यांना अर्पण केलं, ते अमेरिकेतले लोक याच पापाच्या एका शाखेविरुद्ध लढले होते.

बिशपची खुर्ची आणि कायद्याचं मरण

१५४२ मध्ये स्पेनच्या राजाने 'नवे कायदे' केले. त्यामागे लास कासासची कित्येक वर्षांची खटपट होती. मूळ रहिवाशांना यापुढे गुलाम करायचं नाही. नवीन एन्कोमिएंडा द्यायची नाही. असलेली मालकाच्या मृत्यूनंतर वारसाकडे न जाता राजाकडे जमा व्हायची. म्हणजे एका पिढीत व्यवस्था संपली असती.

१५४४ मध्ये त्याला चियापासचा बिशप म्हणून दीक्षा मिळाली. १५४५ च्या सुरुवातीला तो तिथल्या सियुदाद रेआल गावात पोचला. वय साठीच्या पुढे. त्याने आपल्या धर्मप्रांतात हुकूम काढला की जो मालक आपल्याकडचे गुलाम सोडत नाही आणि लुटलेलं परत करत नाही, त्याला पापक्षमा द्यायची नाही. श्रद्धाळू माणसाला यासारखी दुसरी धास्ती नव्हती. ईस्टरच्या तोंडावर अख्ख्या मालकवर्गाची कोंडी झाली. गावात दंगा झाला, त्याला धमक्या आल्या. त्याच्याच चर्चमधला एक वरिष्ठ पाद्री मालकांना गुपचूप पापक्षमा देत राहिला. शोषकाला पाहिजे तसा पुरोहित नेहमीच मिळतो. १५४६ मध्ये लास कासासने चियापास सोडलं, १५४७ मध्ये स्पेन गाठलं, आणि पुन्हा कधी तिकडे गेला नाही. १५५० मध्ये त्याने बिशपपदाचा राजीनामा दिला.

आणि नवे कायदे? पेरूमध्ये मालकांनी गोंसालो पिसारोच्या पुढारपणाखाली बंड केलं आणि १५४६ मध्ये राजाच्या प्रतिनिधीला, म्हणजे व्हाइसरॉयला, ठार मारलं. त्याच्या आधीच, १५४५ मध्ये, राजाने वारसाहक्काचं कलम मागे घेतलं होतं. तीन वर्षांत कायद्याचा कणा मोडला.

या ठिकाणी आम्हाला २०१८ आठवतं. २० मार्चच्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली. २ एप्रिलला देशभर आपली माणसं रस्त्यावर उतरली. काही जण जिवाला मुकले. ऑगस्टमध्ये संसदेला दुरुस्ती करून कायदा पूर्ववत करावा लागला. फरक ओळखा. १५४५ मध्ये कायदा ज्यांच्यासाठी होता त्यांना राजाच्या दरबारात पाऊल ठेवायला जागा नव्हती, म्हणून मालकांचा आवाज चालला. २०१८ मध्ये कायदा ज्यांचा होता तेच उभे राहिले. कितीही मोठ्या मनाच्या माणसाने आणलेला कायदा असो, त्याच्यामागे शोषितांची संघटित ताकद नसेल तर तो एका बंडाचा धनी असतो.

वायादोलिदचा दरबार

१५५० मध्ये वायादोलिद शहरात सम्राटाने विद्वानांची सभा बोलावली. प्रश्न होता, मूळ रहिवाशांवर युद्ध करून त्यांना अंकित करणं न्याय्य आहे काय? एका बाजूला ख्वान हिनेस दे सेपुल्वेदा. हा अ‍ॅरिस्टॉटलचा जाणकार. काही माणसं जन्मतःच गुलामीसाठी बनलेली असतात, हा त्याचा आधार. त्याने अमेरिकेत कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला लास कासास. त्याने पाच दिवस आपलं निवेदन वाचलं. सगळे मानव एकाच मानवजातीचे आहेत, बुद्धी सगळ्यांना आहे, हा त्याचा मुद्दा. १५५१ मध्ये दुसरं सत्र झालं. परीक्षकांनी एकमुखी निकाल असा दिलाच नाही.

'जन्मतः गुलाम' हा शब्द कानावर पडला की आम्हाला पुरुषसूक्तातले पाय दिसतात. भाषा वेगळी, देव वेगळा, युक्तिवाद तोच. त्या युक्तिवादाला लास कासासने त्याच्याच धर्मग्रंथांच्या बळावर तोंड दिलं, त्याबद्दल त्याचा मान ठेवू.

पण त्या सभेत बघा. माणूस कोण आणि माणूस कोण नाही याचा वाद चालला आहे, आणि ज्यांच्याबद्दल चालला आहे त्यांच्यातला एकही तिथे नाही. फिर्यादी स्पॅनिश, वकील स्पॅनिश, पंच स्पॅनिश. १९३१ मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचं प्रतिनिधित्व आपणच करतो असा दावा केला, तेव्हा तो खोडून काढायला बाबासाहेब स्वतः तिथे हजर होते. वायादोलिदमध्ये तो खोडणारा कुणी नव्हता. प्रतिनिधित्वाचा प्रश्न हा खुर्चीचा हव्यास आहे असं जे म्हणतात, त्यांना ही सभा दाखवा.

आणि ती माणसं मुकी होती असंही नाही. लास कासासने आपल्या पुस्तकात त्यांना गरीब मेंढरांसारखं रंगवलं. हेतू चांगला होता. पण 'देवाची लेकरं' म्हणणाऱ्या नावाचा हेतूही चांगलाच होता, आणि आपण ते नाव नाकारलं. कारण दयेत बरोबरी नसते. त्याच हिस्पॅनिओलावर एन्रिकियो नावाचा ताइनो पुढारी होता. मालकाने त्याची घोडी हिसकावली, बायकोवर हात टाकला. तो अधिकाऱ्यांकडे दाद मागायला गेला, तिथे त्यालाच दरडावलं गेलं. तेव्हा १५१९ च्या सुमारास तो आपली माणसं घेऊन बाओरुकोच्या डोंगरात शिरला. स्पॅनिश फौजा त्याला हरवू शकल्या नाहीत. १५३३ मध्ये सम्राटाचं पत्र घेऊन माणूस आला आणि तह झाला. एन्रिकियोने आपल्या लोकांचं स्वातंत्र्य राजाच्या दयेवर मिळवलं नाही. लास कासासलाही पुढे लिहावं लागलं की एन्रिकियोचं युद्ध न्याय्य होतं.

शेवटचं वळण

आता आमच्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो फार कमी सांगितला जातो.

१५५० च्या दशकात पेरूच्या मालकांनी राजाला मोठी रक्कम देऊ केली. मागणी एकच, एन्कोमिएंडा कायमची वंशपरंपरेने आमच्या नावावर करा. राजाला पैशाची निकड होती. तेव्हा अँडीज पर्वतातले कुराका, म्हणजे तिथल्या समाजांचे पुढारी, एकत्र जमले. १५५९ मध्ये त्यांनी रीतसर मुखत्यारपत्र करून दिलं. कुणाला? लास कासासला आणि दोमिंगो दे सांतो तोमास या दुसऱ्या डोमिनिकनाला. या दोघांनी राजापुढे कुराकांच्या वतीने अर्ज ठेवला की मालक जेवढे देतील त्यापेक्षा एक लाख दुकात जास्त आम्ही देतो, पण आम्हाला विकू नका. पुढे मालकांना हवी होती तशी सरसकट कायमची मालकी मिळाली नाही.

फरक दिसतोय ना? १५१६ मध्ये राजाने त्याला 'संरक्षक' नेमलं होतं. ज्यांचं संरक्षण करायचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याच काळात त्याने आफ्रिकनांबद्दलची ती भयंकर सूचना केली. १५५९ मध्ये शोषितांनी स्वतः सभा घेतली, स्वतः ठरवलं, स्वतः पैसा उभा करायची तयारी दाखवली, आणि त्याला आपला मुखत्यार नेमलं. आता तो त्यांचा तारणहार नव्हता, त्यांनी सांगितलेलं काम करणारा माणूस होता. त्या वेळी तो पंचाहत्तरीचा होता. इतकं शिकायला त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली. १८ जुलै १५६६ रोजी माद्रिदमध्ये तो वारला.

त्या मुलाला आमचं उत्तर हे आहे. होय, शोषकांच्या घरातला माणूस आपल्या बाजूने उभा राहू शकतो. सहस्रबुद्धे महाडला उभे राहिले, पण सत्याग्रह बाबासाहेबांचा होता, तळं आपलं होतं आणि निर्णय आपल्या परिषदेचा होता. म्हणून त्यांचं नाव आपण आदराने घेतो आणि त्यात उपकाराचं ओझं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. तू काय सोडलंस? तुझी चूक तू लिहून ठेवशील का? आणि आम्ही ठरवू ते काम तू करशील का? तिन्हींना होकार असेल तर त्याला सतरंजीवर आपल्या शेजारी बसवा. माईक मात्र आपल्या हातात ठेवा.

आणि चौथा प्रश्न स्वतःला विचारा. आपण वर चढताना पाय कुणाच्या खांद्यावर ठेवलाय?

पुढच्या रविवारी अभ्यासवर्गात याच प्रश्नापासून सुरुवात करू. त्या मुलाला आम्ही सांगून ठेवलंय, येताना सफाई कामगार वस्तीतल्या चार मित्रांनाही बोलाव. विषय त्यांनीच मांडायचा आहे.

जय भीम!